कूलरचे पांढरे डाग आणि खिडकीची मच्छरजाळी

पावसाळा लागला की कूलर खिडकीवरून निघतो आणि जाळीवर पांढरट पापुद्रा मागे ठेवतो. सोलापुरात बोअरचं पाणी वापरणाऱ्या घरांत तर हमखास. हा मळ नाही, जड पाण्यातला क्षार आहे, त्यामुळे साबणाने कितीही घासलं तरी हलत नाही. स्वयंपाकघरातल्या जाळीवरचा तपकिरी चिकटा म्हणजे फोडणीच्या वाफेवर बसलेली धूळ, आणि पावसाळ्यातले काळे ठिपके म्हणजे बुरशी. तिघांना एकच औषध चालत नाही.

जाळी कशाची आहे तेही आधी बघा. लोहचुंबक घट्ट चिकटला तर ती जस्त चढवलेली लोखंडी जाळी. तिला आंबट काही लावू नका, जस्त निघून जातं आणि पुढच्या पावसाळ्यात गंज चढतो. करडी किंवा काळी, मऊसर जाळी बहुधा फायबरग्लासची असते. तिची कड चिमटीत धरून हलकेच दुमडा. भुगा पडला किंवा धागा तुटला तर उन्हाने ती संपलेली आहे. धुण्यात पाणी घालवू नका, जाळी बदलून घ्या.

सरकत्या खिडकीतली जाळीची चौकट दोन्ही हातांनी वर उचला, वरच्या पट्टीत शिरली की खालची बाजू आपल्याकडे ओढा. कोणती चौकट कुठली ते मागे पेन्सिलीने लिहून ठेवा. दिसायला सारख्या असल्या तरी दोन-तीन मिलिमीटरचा फरक निघतोच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं हेच लोक टाळतात: पाणी लावण्याआधी कोरडी झटकणी. मऊ ब्रशने आधी आतून, मग बाहेरून, धाग्यांच्या दिशेने झाडा. कोरडी धूळ ओली झाली की तिचा चिखल होतो आणि भोकाभोकांत बसतो. मग तो काढायला चौपट पाणी लागतं, आणि नळ रोज येत नसताना ते परवडत नाही.

गच्चीवर जुनी सोलापुरी चादर चौघडी घालून अंथरा, तिच्यावर जाळी आडवी ठेवा. खाली आधार नसेल तर घासताना जाळी ताणली जाते आणि मध्ये झोळ पडतो. पाच लिटर कोमट पाण्यात एक मोठा चमचा भांड्यांचा लिक्विड साबण घाला. स्पंजने लावा, दहा मिनिटं थांबा, मग घासा. गोल गोल नाही, आधी उभं, मग आडवं. चिकटा जास्त असेल तर खाण्याचा सोडा साबणात कालवून त्याचा लेप पंधरा मिनिटं ठेवा. धुण्याचा सोडा मात्र नको, त्याने ॲल्युमिनियमची चौकट काळवंडते.

क्षारासाठी व्हिनेगर आणि पाणी समसमान, किंवा लिटरभर पाण्यात एक मोठा चमचा लिंबूसत्त्व. फवारलं की लगेच ओघळून जातं, म्हणून जुना टर्किश टॉवेल त्यात भिजवून डागावर अंथरायचा. दहा मिनिटांनी पापुद्रा मऊ होतो, जुन्या टूथब्रशने निघतो. जाड थर एका फेरीत जात नाही. दुसऱ्यांदा लावा, पण अर्धा-अर्धा तास ठेवू नका, चौकटीची चकाकी जाते. संडासाचं ॲसिड जाळीजवळही आणू नका. बुरशीचे ठिपकेही याच व्हिनेगरने पुसा. ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

शेवटचं पाणी कोणतं, यावर सगळं ठरतं. बोअरच्या पाण्याने खळबळून उन्हात ठेवलं तर डाग परत हजर. आरओचं वाया जाणारं पाणी पहिल्या धुण्याला चालेल, शेवटच्याला नको, कारण त्यात क्षार आणखी जास्त. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी बादलीत साठवून ठेवलं असेल तर त्याच्याइतकं चांगलं दुसरं नाही. नळीचा जोरदार फवारा मारला की कडेचं रबरी बीडिंग खोबणीतून सुटतं, मगाने ओता. सुटलंच तर चमच्याच्या दांड्याने दाबत परत बसवा. जाळी सावलीत उभी करून वाळवा.

वेल्क्रोची नायलॉन जाळी असेल तर गार पाण्यात हाताने धुवा. पिळू नका, मशीनमध्ये टाकू नका. चौकटीवरच्या पट्टीत अडकलेले केस आणि धागे सुईने काढा, नाहीतर कोपरे सुटून तिथूनच डास आत येतात.

जाळी परत बसवण्याआधी खालच्या पट्टीतली माती टूथब्रशने काढा आणि बाहेरच्या बाजूची बारीक छिद्रं काडीने मोकळी करा. ती बुजली की पावसाचं पाणी खोलीत येतं. चाकांना खोबरेल लावू नका, त्यावर धूळ बसून ती जाम होतात. सिलिकॉन स्प्रेचा एक फवारा पुरतो.