शिडी चॅसिस की मोनोकॉक : रोजच्या वापराची एसयूव्ही कशी पारखाल?

गाडी शिडी चॅसिसवर (वेगळ्या पोलादी सांगाड्यावर बसवलेली बॉडी) आहे की मोनोकॉक (बॉडी हाच सांगाडा), हे ओळखताना नावावर आणि आकारावर विसंबू नका. जुनी सफारी शिडी चॅसिसवर होती, २०२१ मध्ये आलेली मोनोकॉक आहे. इनोव्हा क्रिस्टा शिडीवर, हायक्रॉस मोनोकॉक. चार मीटरच्या आतली जिम्नी शिडीवर, आणि तिच्यापेक्षा कितीतरी मोठी एक्सयूव्ही ७०० मोनोकॉक.

त्यामुळे आधी वाकून गाडीच्या खाली टॉर्च मारा. पुढून मागपर्यंत गेलेले दोन जाड पोलादी रेल, त्यांना जोडणारे आडवे दांडे आणि वर रबरी बुशांवर बोल्टने बसवलेली बॉडी दिसली, तर ती शिडी. मोनोकॉकमध्ये असा वेगळा सांगाडा नसतो. पत्र्याचे दाबून घडवलेले भाग वेल्डिंगने जोडून फरशी, खांब आणि छत मिळून एकच कवच केलेलं असतं.

टेस्ट ड्राइव्हला निघण्यापूर्वी टायरमधली हवा मोजून घ्या. शोरूमच्या गाडीत ती बऱ्याचदा जास्त असते आणि मग चांगली गाडीही आपटते. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरचा आकडा पाहून तेवढीच ठेवा. मग पेव्हर ब्लॉक किंवा उखडलेला रस्ता शोधून २०-३० च्या वेगाने चालवा, आणि घरच्या एकाला मागच्या रांगेत बसवा, कारण खरा त्रास तिथे कळतो. शिडीची गाडी रिकामी असताना बारीक थरथरत राहते. तिचे मागचे स्प्रिंग वजन पेलायला बनवलेले असतात, आणि मागचा अॅक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा आस) अखंड असल्याने एक चाक खड्ड्यात गेलं की दुसऱ्या बाजूलाही हिसका बसतो. सगळा दोष चॅसिसचा नसतो, हे इथे लक्षात ठेवावं. बोलेरोला मागे पाटे (लीफ स्प्रिंग) आहेत, स्कॉर्पिओ-एनला कॉइल स्प्रिंग. दोन्ही शिडीवरच्या, पण बसल्यावर जमीन-अस्मानाचा फरक.

त्यानंतर घाटाचा किंवा निदान उड्डाणपुलाचा वळता उतार घ्या. शिडीची गाडी साधारणपणे उंच आणि जड, म्हणून वळणात जास्त कलते. ब्रेक आधी लावावा लागतो. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला चढ-उतार करायला लावा. फरशी रेलच्या वर असल्याने पायरी उंच पडते, आणि साडी नेसणाऱ्या आजींचा निर्णय इथेच होतो.

रोजचं ऑफिस, शाळा आणि महिन्यातून एखादा गावचा फेरा एवढंच असेल तर आमचं मत सरळ मोनोकॉकला. शिडी घ्यावी ती रोज शेतातली कच्ची वाट, खाणीचा रस्ता किंवा ट्रेलर ओढणं असेल तर. पण टू-व्हील ड्राइव्ह गाडी केवळ शिडीवर आहे म्हणून चिखलातून निघत नाही. त्यासाठी फोर बाय फोर (चारही चाकांना जोर) आणि लो-रेंज (कमी वेगात जास्त ताकद देणारा गिअर) हवं. पार्ट-टाइम, म्हणजे गरजेपुरतं जोडायचं फोर बाय फोर कोरड्या डांबरावर लावू नका. वळताना पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळं अंतर कापायचं असतं, तो फरक सामावायला जागा नसल्याने ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या पेटीवर) ताण येतो आणि टायर घासतात.

सुरक्षेसाठी चॅसिसच्या प्रकारावर न जाता, घ्यायच्या त्याच मॉडेलची क्रॅश चाचणी बघा. स्कॉर्पिओ-एनला २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅप या क्रॅश चाचणी संस्थेचे पाच तारे मिळाले, तेही शिडीवर.

सेकंडहँड घेताना दोघींची तपासणी वेगळी. शिडीत रेलच्या आत चिखल साचून गंज धरतो. कोकण किनाऱ्यावरची गाडी असेल तर रॅम्पवर चढवून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने रेल ठोकत जा. बद्द आवाज आला किंवा पापुद्रे पडले तर सोडून द्या. नव्या वेल्डिंगवर ताजा काळा रंग दिसला तर कारण विचारा. चॅसिस नंबर आरसीशी जुळवा. मोनोकॉकमध्ये बॉनेट उघडून दोन्ही सस्पेन्शन टॉवरभोवतीचे (पुढचे शॉक अॅब्सॉर्बर जिथे वर बसतात त्या उंचवट्यांभोवतीचे) स्पॉट वेल्ड आणि सीलंट डावीकडे-उजवीकडे सारखे आहेत का ते पाहा, मग डिकीतली चटई उचलून स्टेपनीच्या खड्ड्यात सुरकुत्या शोधा. शेवटी व्हील अलाइनमेंटचा छापील रिपोर्ट मागा. पुढच्या दोन चाकांच्या कॅम्बरमध्ये (चाकाच्या आत-बाहेर कलण्याच्या कोनात) अर्ध्या अंशाहून जास्त फरक असेल, तर सस्पेन्शनचा एखादा भाग किंवा कवचच वाकल्याची शक्यता असते. कवच असेल तर ते जिगवर (बॉडी जखडून ओढण्याच्या चौकटीवर) ओढून सरळ करावं लागतं, नुसत्या डेंटिंग-पेंटिंगने भागत नाही.