किनाऱ्याचा आराखडा काढण्याआधी: पूर्व मुंबईत शिकलेलं

नगररचनेचं शिक्षण संपवून मुलं नोकरीसाठी येतात, तेव्हा त्यांच्या फाइलमध्ये किनारा विकासाचा एखादा प्रकल्प हमखास असतो. पदपथ, झाडं, बाकं, पाण्याकडे उतरणाऱ्या पायऱ्या. चित्रं सुरेख असतात. मी एवढंच विचारते, ही जमीन कुणाची?

माझं पहिलं मोठं काम मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरचं होतं. ससून डॉकपासून शिवडी-वडाळ्यापर्यंतचा हा पट्टा आजही बहुतेक मुंबईकरांनी पाहिलेला नाही, कारण मध्ये बंदराची भिंत आहे. बंदराचा कारभार पाहणारा पोर्ट ट्रस्ट १८७३ मध्ये स्थापन झाला. पुढे त्याने भराव घालून जमीनच निर्माण केली. अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजचं इंदिरा डॉक, खणताना निघालेल्या मातीवर बॅलार्ड इस्टेट उभी राहिली. १९८९ मध्ये न्हावा शेवा बंदर सुरू झालं, कंटेनर हळूहळू खाडीपलीकडे गेले आणि इकडची गोदामं ओस पडू लागली. जमीन मोकळी होतेय म्हटल्यावर सगळ्यांच्या नजरा तिकडे वळल्या.

आम्ही उत्साहाने कागदावर बागा आखल्या. मग एका वस्तीत नकाशा पसरून बसलो असताना एका बाईंनी विचारलं, "यात माझं घर दाखवा." तिथे हिरवा रंग होता. त्या दिवसापासून मी नकाशाआधी मालकीचे कागद वाचते.

नवख्यांनी हे नीट समजून घ्यावं, कारण कॉलेजात 'शासन' हा एकच शब्द शिकवतात आणि इथे शासनं तीन आहेत. मोठी बंदरं केंद्राच्या अखत्यारीत, म्हणून जमीन केंद्राच्या हाताखालची. नियोजनाचा कायदा राज्याचा, १९६६ चा एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा. भिंतीबाहेरचं पाणी, रस्ते, गटारं महापालिकेची. केंद्राच्या जमिनीवरच्या झोपडपट्टीला राज्याची पुनर्वसन योजना आपोआप लागू होत नाही, केंद्राची संमती लागते. म्हणून भिंतीच्या दोन बाजूंच्या झोपड्या दिसायला सारख्या असल्या, तरी त्यांचं भवितव्य वेगळं असतं. पाण्यालगत सीआरझेडचे, म्हणजे किनारी भागातल्या बांधकामावरच्या निर्बंधांचे नियम आहेत, ते वेगळेच. केंद्राने नेमलेल्या राणी जाधव समितीने २०१४ मध्ये या जमिनीचा विचार केला. २०१८ मध्ये राज्याने पोर्ट ट्रस्टलाच विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं, म्हणजे या जमिनीचा आराखडा करण्याचे अधिकार त्यालाच दिले.

इथे माझं स्पष्ट मत आहे. जो जमीनमालक, तोच नियोजनकर्ता, हे अवघड नातं आहे. मालकाला जमिनीतून उत्पन्न हवं असतं, त्यात गैर काही नाही. नियोजनकर्त्याने मात्र शहराला काय हवं ते पाहायचं असतं. बंदराच्या भाडेकरूंच्या खटल्यात २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पोर्ट ट्रस्ट हा राज्यसंस्थेचा भाग आहे, त्याला खासगी घरमालकासारखं वागता येणार नाही, व्यवहार न्याय्य आणि वाजवीच हवा. तो निकाल मिळवून वाचा. किनाऱ्यावर काम करणाऱ्याला त्याचा उपयोग कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा जास्त होईल.

लंडनच्या गोद्यांचा दाखला तुमच्यासमोर सतत येईल. तिथे १९८१ मध्ये सरकारने वेगळं महामंडळ नेमून स्थानिक कौन्सिलांचे नियोजनाचे अधिकार त्याच्याकडे दिले. १९८७ मध्ये हलकी रेल्वे धावू लागली, पुढे कॅनरी व्हार्फ भागात कार्यालयांचे मनोरे उभे राहिले. पण आधीपासून तिथे राहणाऱ्यांची तक्रार होती की नवी घरं आणि नव्या नोकऱ्या त्यांच्यासाठी नाहीत. दाखला द्यायचाच असेल तर पूर्ण द्या. सरकारने पैसा आधी वाहतूक, पाणी आणि घरांवर घालावा, मनोऱ्यांचं नंतर पाहता येईल, असं मला त्यातून मनापासून वाटतं.

आता थोडं कामाचं. मालमत्ता पत्रक (प्रॉपर्टी कार्ड) आणि भाडेपट्टा वाचायला शिका. भाडेपट्टा कधी संपला, नूतनीकरण झालं का, पोटभाडेकरू कोण, हे शोधा. आराखड्यावरच्या सूचना-हरकतींच्या सुनावणीला एकदा तरी दिवसभर मागे बसून राहा. हार्बर लाइनने रे रोडला उतरून दारूखान्यात चालत जा, तिथे जहाजं तोडणारी माणसं भेटतील. ससून डॉकला पहाटेच पोहोचा, उजाडेपर्यंत मासळीचा बराचसा व्यवहार उरकलेला असतो. आणि शिवडीला जाताना भरती-ओहोटीच्या वेळा पाहून निघा. नकाशात जिथे नुसती निळी रेघ आहे, तिथे ओहोटीला दूरवर चिखल उघडा पडतो आणि हिवाळ्यात त्यावर हजारो रोहित पक्षी चरत असतात.