नवा क्लच बसवला, तरी गिअर पडत नाही

क्लचप्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग बदलायला तुम्हाला येतं, असं धरून लिहितोय. खरा घाम नंतर फुटतो. टाटा 207 असो की जुनी बोलेरो पिकअप, गिअरबॉक्स चढला, इंजिन सुरू झालं, क्लच दाबून रिव्हर्स टाकायला गेलं की कर्रर्र. मालकाला पहाटे मार्केट यार्ड गाठायचं असतं. अशा वेळी हात आपोआप ॲडजस्टिंग नटाकडे जातो. तो हात आवरा. नवे क्लच सगळ्यात जास्त जळतात ते इथेच.

आत काय होतं ते नीट समजून घ्या. प्लेट झिजते तशी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते आणि डायफ्रॅम स्प्रिंगची बोटं (रिलीज बेअरिंग ज्यांना दाबतं ती) मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला येतात. म्हणजे झिजेबरोबर प्ले, म्हणजे मोकळी चाल, कमी होत जातो. जाड नवी प्लेट बसली की तीच बोटं पुन्हा पुढे जातात. जुनं ॲडजस्टमेंट तसंच ठेवलं तर प्ले वाढतो, पेडलची निम्मी चाल वाया जाते आणि क्लच पूर्ण सुटत नाही. इथे नट फिरवणं बरोबरच आहे, पण प्ले बरोबर येईपर्यंतच. पेडलवर साधारण 10 ते 20 मिलिमीटर मोकळी चाल राहायला हवी. नेमका आकडा त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. तेवढा प्ले असूनही गिअर कर्रकर्र करत असेल तर दोष दुसरीकडे आहे. अशा वेळी नट आणखी कसून प्ले शून्यावर आणला की गिअर पडतो, गाडी निघून जाते, सगळे खूश. मग पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये नवी प्लेट घासून जागेवर बसते, थोडी झिजते, बोटं मागे येतात आणि त्यांना मागे यायला जागाच नसते. बेअरिंग सतत दाबलेलं राहतं, क्लच स्लिप मारतो, कसारा घाटात जळका वास येतो. आणि दोष येतो प्लेटच्या कंपनीवर.

मास्टर सिलिंडरच्या (पेडल दाबल्यावर लाइनमध्ये तेल ढकलणाऱ्या) पुशरॉडचंही तसंच. तिथला प्ले थोडाच असतो, पण तो हवाच. रॉडने पिस्टन किंचित जरी आत दाबून धरला तरी तेल टाकीत परतण्याचं बारीक भोक बंद राहतं. तेल तापून फुगतं, त्याला वाट मिळत नाही, आणि पेडलला पाय न लावता क्लच सुटायला लागतो. सकाळी गाडी ठणठणीत आणि तासाभराने स्लिप, अशी तक्रार आली की आधी हा रॉड बघा.

मग गिअर का पडत नाही? इंजिन बंद करून सगळे गिअर टाकून बघा. तेव्हाही जड जात असतील तर लिंकेज किंवा गिअरबॉक्सचं दुखणं आहे. बंद असताना सहज पडतात आणि चालू असताना अडतात, तर क्लच सुटत नाही. आता पेडल तीन-चार वेळा भराभर मारा. त्याने सुधारलं तर लाइनमध्ये हवा आहे किंवा मास्टरचं रबर गेलंय. एअर काढताना स्लेव्ह सिलिंडरचा (गिअरबॉक्सकडच्या टोकाचा) हवा सोडायचा निपल सगळ्यात वर यायला हवा, नाहीतर कितीही पेडल मारा, हवेचा बुडबुडा आतच राहतो. दाबून धरा, निपल उघडा, बंद करा, मगच पाय सोडा. टाकी रिकामी होऊ देऊ नका. तेल ब्रेकचंच घाला. इंजिन ऑइलचे चार थेंबही रबर फुगवतात. जुना होज मुठीत धरून कुणाला तरी पेडल दाबायला सांगा. तो हाताला फुगलेला लागला तर बदला.

हवा नाही, प्ले बरोबर आहे, स्लेव्हचा रॉड मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढा सरकतोय, आणि तरीही अडतंय? मग गिअरबॉक्स उतरवावा लागेल. वाईट वाटू देऊ नका, पण पळवाटही शोधू नका. प्लेट उलटी बसली असेल तर स्प्रिंगचा फुगीर भाग फ्लायव्हीलच्या बोल्टला घासतो. दुसरं कारण जास्त दिसतं: चढवताना गिअरबॉक्सचं वजन प्लेटच्या हबवर लटकतं आणि प्लेट वाकते. जॅक न लावता दोघांनी खांद्यावर गिअरबॉक्स चढवणं ही कसरत आहे, कारागिरी नाही. उस्ताद करत असले तरी तुम्ही करू नका. प्लेट मधोमध धरायला डमी शाफ्ट वापरा आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे कसा.

गाडी सुटताना थरथरते आहे? प्लेटवर तेल गेलं असेल, नव्या प्रेशर प्लेटचं गंजरोधक तेल पुसायचं राहिलं असेल, शाफ्टच्या खाचांना (स्प्लाइनला) ग्रीस जास्त झालं असेल, किंवा फ्लायव्हीलवर निळे डाग असूनही ते लेथवर पाठवलं नसेल. इंजिनची माउंटिंगही बघा. थरथर हलकी असेल तर काही दिवस थांबा, बऱ्याचदा प्लेट बसली की जाते. पेडल दाबल्यावर येणारा आवाज बहुतेक वेळा रिलीज बेअरिंगचा. न्यूट्रलला येऊन दाबल्यावर थांबणारा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगचा, आणि त्यासाठी नव्या क्लचला दोष देऊ नका.

स्लिपची खात्री करायला टॉप गिअरमध्ये, कमी वेगात, मोकळ्या चढावर एकदम एक्सलरेटर द्या. आरपीएम चढला आणि वेग नाही, तर स्लिप आहे. एकदाच करा, पुन्हा पुन्हा नाही.

गाडी देताना मालकाला सांगा: पहिले 500 किलोमीटर ओव्हरलोड नाही, घाटात हाफ क्लचवर उभं राहणं नाही. आणि 500 झाले की प्ले मोजायला गाडी परत आणायची. हे बिलावरच लिहून द्या.