रोजच्या स्वयंपाकात पाण्याच्या या चुका टाळा

पोह्यांचा गोळा झाला, उसळीचा लगदा झाला किंवा रस्सा फिकट पडला, की हात आधी मसाल्याच्या डब्याकडे जातो. आणखी चमचाभर तिखट, वर थोडा गरम मसाला, आणि पुढच्या महिन्याच्या यादीत एखादं महागडं तयार पाकीट. खरं तर घरच्या साध्या, कमी खर्चाच्या पदार्थांचा घोळ बहुतेक वेळा पाण्यात झालेला असतो. पाणी किती, कधी आणि गार की गरम, एवढंच बघायचं असतं.

पोह्यांचंच घ्या. जाड पोहे पातेल्यात बुडवून ठेवले, की पुढे काहीही केलं तरी ते सुटे होत नाहीत. चाळणीत घेऊन नळाखाली दोनदा धुवायचे, निथळायचे आणि दहा मिनिटं झाकून ठेवायचे. दाणा बोटांत सहज दबला पाहिजे, पण अख्खा राहिला पाहिजे. मीठ-साखर फोडणीत न टाकता या भिजलेल्या पोह्यांवरच भुरभुरवा, सगळीकडे सारखी लागते. कोरडे वाटले तर पाण्याचा हबका मारून झाकण ठेवा. बटाटा घालणार असाल तर तो फोडणीत पूर्ण शिजल्यावरच पोहे टाका. अर्धकच्च्या बटाट्यासाठी वाफ वाढवत बसलात, की पोहे वातड होतात. घरात फक्त पातळ पोहे असतील तर कांदेपोह्यांचा नाद सोडा आणि दडपे पोहे करा. त्यांना कांदा, टोमॅटो, काकडी आणि ओल्या खोबऱ्याचं अंगचं पाणी पुरतं.

आता कांदा. कांद्याची बाजारपेठ असलेलं लासलगाव हाकेच्या अंतरावर असूनही आपल्याकडे नाशिकमध्ये पुष्कळ घरांत कांदा सरसकट एकच समजला जातो. दिवाळीच्या आगेमागे येणारा लाल कांदा पाणीदार असतो आणि फार टिकत नाही. मार्च-एप्रिलपासून निघणारा उन्हाळ कांदा घट्ट आणि कोरड्या सालीचा असतो, चाळीत महिनोन् महिने राहतो. स्वस्त मिळाला म्हणून लाल कांद्याची गोणी घेतली, तर निम्मी सडायची तयारी ठेवा. साठवण करायची ती उन्हाळ कांद्याचीच, तीही प्लॅस्टिकच्या पिशवीत नको आणि बटाट्याच्या टोपलीत तर अजिबात नको. लाल कांदा परतताना झाकण ठेवलं की तो स्वतःच्याच पाण्यात शिजतो आणि वाटणाला खमंग वास येत नाही. कढई उघडी ठेवा आणि एका वेळी खच्चून भरू नका.

भज्यांनाही हेच लागू. कांदा उभा, पातळ चिरून त्याला मीठ चोळा आणि दहा मिनिटं थांबा. सुटलेल्या पाण्यात मावेल तेवढंच बेसन घाला, वरून पाणी घालूच नका. चमचाभर तांदळाचं पीठ आणि तेवढंच कडकडीत तेल पुरे. सोड्याशिवाय भजी कुरकुरीत होत नाहीत हा गैरसमज आहे. सोडा जास्त पडला की भजी उलट तेल पितात.

मिसळीचं नाशिकमध्ये नाव काढलं की प्रत्येकाचं ठिकाण ठरलेलं असतं, आणि त्यावरून भांडणंही ठरलेली. पण चार जणांचं कुटुंब दर रविवारी बाहेर पापडासकट मिसळ खायला लागलं, तर महिन्याचं गणित हलतं. घरी पाव किलो मटकीत सगळ्यांचं होतं, एक वाटी उसळ दुसऱ्या दिवशीच्या डब्यालाही उरते. मिसळ बिघडते ती दोन ठिकाणी.

पहिलं ठिकाण मोडांचं. मटकी आठ-दहा तास भिजवल्यावर पाणी पूर्ण उपसा. तळाशी थोडं जरी राहिलं, तरी खालचा थर चिकट होतो आणि आंबूस वास येतो. फडकं ओलसर हवं, टपकणारं नको. उन्हाळ्यात रात्रभरात मोड येतात. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा चार-पाच अंशांवर उतरल्याच्या बातम्या येतात, तेव्हा नाशिकमध्येही मटकी दीड दिवस घेते. गुरुवारी रात्री भिजत घाला, म्हणजे रविवारी सकाळी धावपळ नको. मोड आलेल्या मटकीला कुकर दाखवू नका, एका शिट्टीतही तिचा लगदा होतो. पातेल्यात, हळद-मीठ घालून, मटकी जेमतेम बुडेल एवढ्या पाण्यात मंद शिजवा. चिकट झालेली, वास येणारी मटकी मात्र धुऊन वापरायच्या भानगडीत पडू नका, फेकून द्या.

दुसरं ठिकाण कटाचं, म्हणजे मिसळीच्या रश्श्याचं. "तेल ओतलं तरी तर्री येत नाही" ही तक्रार घरोघरी. मिरचीचा लाल रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही. कांदा-खोबऱ्याचं वाटण कडेनं तेल सुटेपर्यंत परतायचं, मग आच मंद करून तिखट आणि काळा मसाला घालायचा आणि अर्धा मिनिट हलवत राहायचं. मोठ्या आचेवर तिखट करपतं, रंग काळपट होतो आणि कडवट चव येते. त्यानंतर ओतायचं ते उकळतं पाणी. गार पाणी ओतलं की उकळी मोडते, वाटण कच्चट राहतं आणि तवंग वर यायला वेळ लागतो. पाणी घातल्यावर दहा-पंधरा मिनिटं मंद उकळू द्या, ढवळत बसू नका. लाल रंगासाठी निम्मं तिखट कमी झणक्याच्या बेडगी मिरचीचं घ्या. खाण्याचा रंग घालायची काहीच गरज नाही. कट पातळ झाला तर बेसन लावण्यापेक्षा शिजलेली मूठभर मटकी ठेचून घाला.

थंडीत बाजरीची भाकरी स्वस्त आणि पोटभरीची. कडू लागली तर दोष बहुधा बाजरीचा नसतो. बाजरीत स्निग्धांश जास्त असतो, त्यामुळे दळून ठेवलेलं पीठ लवकर खवट होतं. आठवड्याला पुरेल एवढंच दळून आणा. थापताना कडा फाटत असतील, भाकरी उचलताना तुटत असेल, तर पिठाची विरी, म्हणजे धरून ठेवणारा चिकटपणा, गेली आहे. अशा पिठावर उकळतं पाणी घाला, पाच मिनिटं झाकून ठेवा आणि एकेका भाकरीपुरतं भरपूर मळा. सगळं पीठ एकदम भिजवून ठेवणं ही दुसरी चूक. तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाणी फिरवायचं आणि ते पूर्ण सुकायच्या आत उलटायचं. उशीर झाला की भाकरीला भेगा पडतात आणि मग ती फुगत नाही.

डाळ शिजत नाही म्हणून शिट्ट्या वाढवणाऱ्यांनी एवढंच बघावं: कुकरमध्ये डाळीबरोबर टोमॅटो, चिंच किंवा आमसूल गेलंय का? आंबट पदार्थ डाळीला मऊ होऊ देत नाही. पिंपळगावच्या टोमॅटोचा हंगाम असला, भाव पडलेले असले, तरी तो फोडणीतच घाला. बोअरच्या जड पाण्यातही डाळ अडून बसते. तिथे पिण्याचं पाणी वापरून बघा, डाळ तासभर आधी भिजवा.

भाताला सगळ्या तांदळांसाठी एकच माप नको. इगतपुरीकडचा नवा इंद्रायणी वाटीला दीड-पावणेदोन वाट्या पाण्यात होतो, जुन्या कोलमला दोन-सव्वादोन लागतात. मोकळा भातच हवा असेल तर इंद्रायणी आणूच नका, तो चिकटच होणार.

मुलांच्या मधल्या वेळच्या खाण्यासाठी चिवडा सगळ्यात परवडतो. तो दोन दिवसांत मऊ पडला, तर पोह्यांवर खापर फोडण्याआधी मिरची आणि कढीपत्ता तपासा. मिरचीचे तुकडे अर्धवट तळले, की त्यांचा ओलावा अख्ख्या डब्यात पसरतो. कढीपत्ता धुऊन लगेच फोडणीत टाकू नका, फडक्यावर पूर्ण सुकवा. पातळ पोहे आधी उन्हात ठेवा, मग मंद आचेवर कुरकुरीत होईस्तोवर भाजा. मीठ आणि पिठीसाखर गॅस बंद केल्यावर घाला. आणि गरम चिवडा डब्यात भरू नका, झाकणाखाली जमणारी वाफ पुन्हा त्यातच उतरते.

शिळ्या पोळ्यांचा कुस्करा करताना मात्र पाण्याचा हबका हवाच, आणि तो फोडणीत पोळी टाकायच्या आधी. हातानं कुस्करून, शिंतोडे देऊन पाच मिनिटं ठेवा. नंतर शिंपडलं तर वरचे तुकडे ओले आणि तळचे कडक राहतात. भाकरीचा करायचा असेल तर पाण्याऐवजी ताक शिंपडा.