माणसांविषयीच्या नोंदी कशा ठेवाव्यात

मदत मागताना बदललेला आवाज, स्तुती ऐकून आलेला संकोच, वाद मिटल्यावरही रेंगाळणारी कटुता अशा गोष्टी रोज आपल्या नजरेस पडतात, त्यांच्याविषयी एखादा विचार मनात येतो आणि पुढच्या कामाच्या गडबडीत तो विरून जातो. असे विचार टिकावेत आणि त्यांतून मनुष्यस्वभावाची समज वाढावी असे वाटत असेल, तर त्यांच्यासाठी एक स्वतंत्र वही ठेवावी.

नोंद त्याच दिवशी करावी. विस्मरणाचा वेग सुरुवातीच्या काही तासांत सर्वाधिक असतो आणि नंतर तो मंदावतो, हे हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवर केलेल्या प्रयोगांतून १८८५ मध्ये दाखवून दिले होते. शिवाय जे आठवते तेही जसेच्या तसे उरत नाही. आपल्या समजुतींना न जुळणारे तपशील मन गाळते किंवा बदलून टाकते.

सर्वांत अधिक काळजी घ्यायची ती घटना आणि तिचा आपण लावलेला अर्थ वेगळे ठेवण्याची. ‘तो उर्मटपणे वागला’ हा निष्कर्ष आहे. ‘दोनदा विचारूनही त्याने मान वर केली नाही’ ही घटना आहे. पानाच्या एका बाजूला घटना आणि दुसऱ्या बाजूला अर्थ लिहिला, तर काही दिवसांनी अर्थ बदलावासा वाटला तरी मूळ घटना शाबूत राहते. इतरांच्या वागण्याचे कारण त्यांच्या स्वभावात शोधण्याचा आणि परिस्थितीकडे दुर्लक्ष करण्याचा आपला कल असतो. मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७ मध्ये या कलाला गुणारोपणातील मूलभूत चूक म्हटले. म्हणून स्वभावाचा उल्लेख करण्यापूर्वी त्याच वागण्याची निदान दोन परिस्थितीजन्य कारणे लिहून पाहावीत: ती व्यक्ती थकलेली असेल, तिला नीट ऐकू आले नसेल किंवा ती काळजीत असेल. ही कारणे खरी ठरतीलच असे नाही, पण ती लिहून काढल्याने घाईने दिलेला निकाल थांबतो, आणि माझ्या मते या वहीचा सर्वांत मोठा लाभ हाच आहे.

स्वतःच्या वागण्याच्या नोंदीही याच शिस्तीने कराव्यात. नावे टाळावीत, कारण वही दुसऱ्याच्या हाती पडली तर कोणाचेही मन दुखावता कामा नये.

दोन-तीन महिन्यांनी वही सलग वाचावी. एकच गोष्ट वेगवेगळ्या माणसांत आणि वेगवेगळ्या प्रसंगांत दिसली असेल तरच तिच्यावरून सर्वसाधारण विधान करावे, आणि ते केल्यावर त्याच्या विरुद्ध जाणाऱ्या नोंदी मुद्दाम शोधाव्यात. आपल्या मताला प्रतिकूल असलेली वस्तुस्थिती अनुकूल वस्तुस्थितीपेक्षा लवकर विसरली जाते, हा अनुभव असल्यामुळे चार्ल्स डार्विन अशी प्रत्येक गोष्ट आढळताच टिपून ठेवत असत. विरुद्ध नोंद सापडली म्हणून विधान लगेच खोडू नये. ते कोणत्या परिस्थितीत लागू पडते आणि कोणत्या परिस्थितीत पडत नाही, एवढे त्याच्याखाली तारखेसह लिहावे आणि पुढच्या वाचनाच्या वेळी तिथूनच विचार सुरू करावा.