पहिलं क्वाडकॉप्टर हवेत सोडण्याआधी

शिकायला घ्यायचं क्वाडकॉप्टर, म्हणजे चार पंख्यांचं ड्रोन, तळहातावर मावेल एवढंच घ्या, पंख्यांभोवती प्लॅस्टिकचं कडं असलेलं आणि शक्यतो बिनकॅमेऱ्याचं. दुकानदार हमखास कॅमेरावालं पुढे करेल, ‘फोनवर लाइव्ह दिसतं’ म्हणेल. त्या किमतीतल्या कॅमेऱ्यात गच्चीवरची टाकीही धड ओळखू येत नाही, वजन आणि बॅटरी मात्र तो इमानेइतबारे खातो. मोठं, जीपीएसवालं यंत्र तर सुरुवातीला नकोच. त्याच्या रिमोटवरच्या दांड्या, म्हणजे स्टिक, सोडल्या की ते जागच्या जागी थांबतं, त्यामुळे उडवणाऱ्याला वाटतं आपल्याला येतंय. मग एखाद्या दिवशी उंच इमारतींच्या मधे उपग्रह दिसेनासे होतात, यंत्र वाऱ्याबरोबर निघतं आणि बोटांना काय करायचं ते ठाऊक नसतं. ज्याला स्वतःहून फारसं काही करता येत नाही अशा यंत्रावरच हात बसतो. उंची धरून ठेवण्याची सोय असेल तर असू द्या, ती आता खेळण्यांमध्येही येते आणि पहिल्या आठवड्यात तिची मदतच होते.

यंत्रासोबत जास्तीच्या बॅटऱ्या आणि पंख्यांचा निदान एक सुटा संच त्याच वेळी घ्या. एका बॅटरीत पाच-सात मिनिटं उडतं आणि यूएसबीवर ती भरायला पाऊण-एक तास जातो. एकाच बॅटरीवर शिकणाऱ्याचा दिवस वाट बघण्यातच सरतो. परदेशी संकेतस्थळावरून तयार ड्रोन मागवायच्या भानगडीत पडू नका. ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी तयार ड्रोनच्या आयातीला बंदी आहे. सुट्या भागांना मोकळीक आहे, पण तयार ड्रोनला सवलत मिळते ती संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांच्यासाठी, तुमच्या-माझ्या छंदासाठी नाही.

आता बॅटरी. पुस्तिकेतलं सगळ्यात कमी वाचलं जाणारं आणि सगळ्यात महत्त्वाचं पान हेच. आत असते ती लिथियम पॉलिमर, म्हणजे लायपो. एका सेलवर ३.७ व्होल्ट लिहिलेलं असलं तरी पूर्ण भरल्यावर ती ४.२ ला जाते, आणि ३ च्या खाली उतरली की बहुधा कायमची बिघडते. म्हणून उडताना जोर कमी पडायला लागला किंवा दिवे लुकलुकायला लागले की लगेच उतरवा, ‘अजून एक फेरी’ करू नका. चार्जर सोबत आलेलाच वापरा. वेगळा वापरायचाच असेल तर विद्युतप्रवाह बॅटरीच्या क्षमतेइतकाच ठेवा: ५०० एमएएचची असेल तर अर्धा अँपिअर. भरायची ती उघड्या फरशीवर, गादीवर किंवा सोफ्यावर नाही, आणि तुम्ही जागे असताना. उडवून आल्यावर गरम असलेली बॅटरी तशीच चार्जरला लावू नका, हाताला थंड लागेपर्यंत थांबा. पोटाशी फुगलेली बॅटरी ‘चालतेय तोवर चालवू’ या वर्गातली नसते. ती बाजूला काढा आणि ई-कचऱ्यात द्या, ओल्या-सुक्याच्या बादलीत नको. आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीत एकही बॅटरी विसरायची नाही, एप्रिल-मेमध्ये तर नाहीच.

रिमोट हातात घ्या, यंत्र बंदच राहू द्या. इथे मिळणारे बहुतेक रिमोट ‘मोड २’ चे असतात. डावी स्टिक वर-खाली केली की थ्रॉटल, म्हणजे चढणं-उतरणं, आणि तीच डावी-उजवीकडे नेली की यॉ, म्हणजे यंत्र जागेवर गिरकी घेतं. उजवी स्टिक पुढे-मागे नेली की पिच, म्हणजे यंत्र पुढे-मागे जातं, आडवी नेली की रोल, म्हणजे ते डावी-उजवीकडे सरकतं. अंगठे स्टिकवर ठेवून हे मोठ्याने म्हणत करा. घरातले हसतील, हसू द्या. उंची धरणाऱ्या यंत्राची डावी स्टिक स्प्रिंगने मधोमध परत येते आणि मधे असली की यंत्र आहे त्या उंचीवर राहतं. साध्या यंत्राची डावी स्टिक जिथे सोडाल तिथेच राहते आणि उंची सतत हातानेच सांभाळावी लागते. आपलं कुठलं आहे हे जमिनीवरच कळायला हवं. आपत्कालीन थांब्याचं बटणही आत्ताच शोधून ठेवा. यंत्र कशाला धडकलं की पहिली हालचाल थ्रॉटल बंद करण्याची. अडकलेल्या पंख्यावर मोटर जोर लावत राहिली तर ती मोटर जळते, आणि नवशिक्याचा अंगठा घाबरला की नेमका उलटा, वर जातो. ही एक हालचाल यंत्र बंद असतानाच पुन्हापुन्हा करून घ्या.

खिसा परवानगी देत असेल तर संगणकाला यूएसबीने जोडता येणारा रिमोट घ्या आणि लिफ्टऑफ किंवा व्हेलोसिड्रोनसारख्या सिम्युलेटरवर आधी काही संध्याकाळी घालवा. तिथे शंभरदा आपटलं तरी पंखा तुटत नाही. पुढे ड्रोनच्या कॅमेऱ्याचं चित्र डोळ्यांसमोर दाखवणारा गॉगल लावून उडवायचं मनात असेल तर हा खर्च टाळू नका. फक्त हौस असेल तर राहू द्या.

पंखे तपासणं हे दर उड्डाणाआधीचं काम. चारपैकी दोन मोटरी घड्याळाच्या दिशेने फिरतात, दोन उलट्या, आणि एका दिशेच्या दोन मोटरी समोरासमोरच्या कोपऱ्यांत असतात. एका जोडीचा वेग वाढवून दुसरीचा कमी केला की चारही मिळून उचल तेवढीच राहते, पण यंत्र गिरकी घेतं. यॉ म्हणजे एवढंच. याच कारणाने पंखेही दोन जातींचे असतात, मधल्या गोलाशेजारी बारीक ए आणि बी कोरलेले. ते उजेडात तिरपं धरून वाचा. अक्षर पुसलं असेल तर पात्याची वर उचललेली कड बघा: मोटर फिरते त्या दिशेला ती कड पुढे यायला हवी. पंखे उलटसुलट बसले की थ्रॉटल देताच यंत्र जागेवर कोलांटी खातं, आणि लोक दुकानदाराला फोन करतात. मग नखाने प्रत्येक पंखा हळूच फिरवून बघा. चारही सारखे सैल फिरायला हवेत. एखादा जड फिरत असेल तर पंखा आणि मोटर यांच्या मधल्या फटीत बघा, बहुधा तिथे केस गुंडाळलेला असतो. शिवणाच्या डब्यातल्या बारीक चिमट्याने तो उलट्या दिशेने उलगडून काढा, खेचू नका. पात्याच्या टोकाला चीर असेल तर तो पंखा गेला. फेव्हिक्विकने जोडलेला पंखा फिरतो, पण त्याच्या थरथरीने आतला जायरो, म्हणजे तोल ओळखणारा सेन्सर, गोंधळतो.

जागा हॉल असेल तर उत्तम. सोसायटीचा, शाळेचा, बॅडमिंटनचा, कुठलाही. घरातली बैठकीची खोली वाटते तेवढी सोपी नसते, कारण यंत्राने खाली ढकललेली हवा भिंतींना आपटून त्याच्याकडेच परत येते आणि ते उगाच भरकटतं. छताचा पंखा बंद, खिडक्या लावलेल्या. उंची धरणारा भाग हवेच्या दाबावरून चालतो, झोत आला की त्याचा अंदाज चुकतो. बाहेर जायचं ते हॉलमध्ये हात बसल्यावर, आणि सकाळी लवकर. देशावर ऊन चढलं की वारा उठतो, कोकणात आणि गोव्यात दुपारनंतर समुद्रावरून येतो, आणि ३०-४० ग्रॅमच्या यंत्राला साधी झुळूकही भारी पडते. कातरलेलं गवत सगळ्यात चांगलं, उंच गवत पंख्यांना गुंडाळतं. आकाशात घार फिरत असेल तर थांबा, ती झडप घालते. संक्रांतीच्या आसपास पतंगांच्या मैदानात जाऊच नका, मांजा दिसतही नाही. बघायला जमलेली मुलं तुमच्या पाठीमागे, कुणाच्याही डोक्यावरून उडवायचं नाही.

नियमांचं थोडक्यात. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे बॅटरीसकट २५० ग्रॅमपर्यंतचं यंत्र ‘नॅनो’ गटात येतं आणि ते उडवायला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. याचा अर्थ कुठेही उडवा असा नाही. ‘डिजिटल स्काय’ या सरकारच्या ड्रोन-संकेतस्थळावरचा नकाशा उघडा आणि आपलं मैदान हिरव्या भागात आहे का ते बघा. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत मोकळीक आहे, पण विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच, आणि त्याहून जवळ परवानगीचा प्रश्न येतो. पुण्यात लोहगाव हवाई दलाचा तळ आहे, गोव्यात दाबोळी नौदलाचा, त्यामुळे तिथे ‘कोण बघतंय’ हा विचार मनात आणू नका. मुंबईत पोलीस वेळोवेळी ड्रोनबंदीचे आदेश काढतात, ते चालू आहेत का हे त्या-त्या आठवड्यात बघावं लागतं. आणि गडावर नेण्याची घाई करू नका. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या वास्तूंवर आधी परवानगी लागते, शिवाय दरीतला वारा शिकाऊ हाताला झेपत नाही.

पहिल्या उड्डाणाला यंत्र सपाट जागी, तुमच्यापासून चार-पाच पावलांवर ठेवा, शेपूट तुमच्याकडे. पुढचे-मागचे दिवे किंवा पंखे वेगळ्या रंगाचे असतात, पुढचा रंग कोणता ते ठरवून घ्या. थ्रॉटल खाली, आधी रिमोट सुरू, मग यंत्र, दोघांची जोडी जुळली की पुस्तिकेत दिल्याप्रमाणे कॅलिब्रेशन, म्हणजे सपाट काय ते यंत्राला ओळखू देणं. जमीन तिरकी असेल तर यंत्र त्या तिरकेपणालाच सरळ समजून बसतं. मग उचला, पण जमिनीपासून वीतभर उंचीवर रेंगाळू नका. पंख्यांची हवा जमिनीवरून उसळते आणि तिथे ते सगळ्यात जास्त डगमगतं. झटकन गुडघ्याच्या वर न्या. एकाच बाजूला सरकत राहिलं तर ट्रिमची बटणं वापरा, एकेक टिचकी.

आधी फक्त तरंगवायचं. जमिनीवर वर्तमानपत्र पसरा, त्याच्या वरच राहा आणि त्यावरच उतरवा. हे कंटाळवाणं आहे, तरी पुढे जाऊ नका. मग शेपूट आपल्याकडे ठेवूनच चौकोन काढा. मग यंत्र काटकोनात वळवून आडवं तरंगवा, आधी डावं तोंड, मग उजवं. आणि मग ती जागा येते जिथे बहुतेकांचे पंखे तुटतात: यंत्राचं तोंड तुमच्याकडे. त्याची उजवी बाजू आता तुमची डावी. ते तुमच्या डावीकडे सरकलं की बोट सवयीने उजवीकडे जातं आणि यंत्र आणखी जोरात भिंतीकडे पळतं. इथे डावं-उजवं यांचा हिशेब करत बसू नका, तेवढा वेळच नसतो. यंत्राची जी बाजू खाली झुकतेय तिच्याकडे स्टिक न्या, कलत्या भिंतीला टेकू द्यावा तशी. हे जमलं की इंग्रजी आठचा आकडा काढा, दोन खुर्च्यांभोवती, नाक नेहमी जाण्याच्या दिशेला. त्यात चारही बाजू आपोआप येतात.

रिमोटवर ‘हेडलेस’ नावाचं बटण असेल. ते दाबलं की तोंड कुठेही असलं तरी स्टिकची दिशा तुमच्या बाजूने धरली जाते. त्याला हात लावू नका. एक तर उड्डाण सुरू करतानाची दिशा यंत्र हळूहळू विसरतं, दुसरं म्हणजे जे शिकायला बसलात तेच त्यात टळतं. कोलांटीचं बटणही आठचा आकडा जमेपर्यंत राहू द्या.

उतरवल्यावर आधी यंत्राची बॅटरी काढा, मग रिमोट बंद करा. उलट केलं तर यंत्र ताब्याबाहेर जागं राहतं. बॅटऱ्यांवर मार्करने आकडे घाला, कोणती लवकर दमते ते आठवडाभरात दिसतं. पुढचे काही दिवस उडवायचं नसेल तर बॅटरी पूर्ण भरलेली ठेवू नका आणि रिकामीही नको, ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवा. मीटर नसेल तर पूर्ण भरून दोन-तीन मिनिटं तरंगवा आणि मग कपाटात टाका.