ॲप नंतर बघा, आधी पोरांच्या घरातला मोबाईल बघा

परवा शिक्षण परिषदेत, म्हणजे आम्हा शिक्षकांच्या बैठकीत, नोकरीला नवीन लागलेल्या दोघी शिक्षिका भेटल्या, दोघींचा एकच प्रश्न, मॅडम डिजिटल शिकवायचं म्हणजे सुरुवात कुठून करायची, ॲप कुठलं घेऊ, कोर्स कुठला करू. चहा संपेपर्यंत जेवढं बोलता आलं तेवढं बोलले पण ते अर्धवटच राहिलं आणि घरी आल्यावर वाटत राहिलं की हे मला कुणी पहिल्या वर्षीच सांगायला हवं होतं, म्हणून नीट लिहिते.

मी सोलापूरच्या पूर्व भागात शिकवते, मराठी माध्यम, प्राथमिक, १४ वर्षं झाली. ज्यांना पूर्व भाग माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच की इथं गल्लीच्या गल्ली तेलुगू बोलते, बऱ्याच घरात वडील यंत्रमागावर आणि आई घरी विड्या वळते. पोरगं घरात तेलुगू बोलतं, गल्लीत हिंदी-मराठीची मिसळ आणि वर्गात आलं की समोर माझी पुस्तकातली मराठी. हे लक्षात ठेवा, पुढं सगळं यावरच येणार आहे.

मार्च २०२० ला शाळा बंद झाल्या तेव्हा मीपण सगळ्यांसारखी व्हिडिओ बनवायला बसले. तिसरीच्या मराठीच्या एका धड्यावर तीन रात्री घालवून २२ मिनिटांचा व्हिडिओ केला, चित्रं, मागं संगीत, अक्षरं उडत येतात असं सगळं. वर्गात ३८ मुलं, पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि दोन दिवसांनी विचारलं तर पूर्ण बघितलेले निघाले चार. मला वाईट वाटलं, पालकांचा रागही आला, खरं सांगते. नंतर जरा सुरळीत झाल्यावर मास्क लावून घरोघर गेले तेव्हा कळलं. बऱ्याच घरात मोबाईल एकच, तो वडिलांच्या खिशात, वडील कारखान्यावर, ते रात्री आठ-साडेआठला येणार तोवर दिवसाचा डेटा संपलेला आणि फोनमधली जागा भरलेली म्हणून व्हिडिओ डाऊनलोडच होत नाही. म्हणजे पोरांना शिकायचं नव्हतं असं काही नव्हतंच, मी त्यांच्या घराचा विचार न करता सामान पाठवलं होतं.

एका घरातलं दृश्य अजून डोळ्यासमोर आहे. आई भिंतीला टेकून बसलेली, मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू, बोटं इतकी भराभर चालतात की बघत राहावं, कारण मजुरी हजार विड्यांच्या हिशोबानं मिळते. शेजारी डब्याला टेकवून मोबाईल ठेवलेला आणि त्यावर गाणी चालू. तेव्हा एकदम लक्षात आलं की या बाईचे हात कामात आहेत, डोळे कामात आहेत, पण कान मोकळे आहेत, आणि पोरगं तिच्याच शेजारी बसलेलं आहे!

त्या दिवसापासून व्हिडिओ बंद केले आणि आवाज पाठवायला लागले. तीन मिनिटांची व्हॉइस नोट, त्यात एक छोटी गोष्ट आणि शेवटी दोनच प्रश्न, उत्तर पोरांनी बोलून पाठवायचं. डेटा नावालाच लागतो, साध्यातल्या साध्या स्मार्टफोनवर चालतं. पाठवायची वेळ रात्री पावणेनऊ, म्हणजे वडील आलेले असतात. पहिल्या आठवड्यात ११ उत्तरं आली, महिन्याभरात २५ च्या पुढं गेली, मागं मागाचा खडखडाट, कुकरची शिट्टी, लहान भावाचं रडणं आणि त्यात माझ्या पोरांचे आवाज.

आता खरा मुद्दा. वर्गात पोरगं बोलतं आणि आपण तिथल्या तिथं चूक सुधारून पुढं जातो. व्हॉइस नोट मात्र परत परत ऐकता येते. मी रात्री ऐकत बसायचे आणि एक गोष्ट खटकायला लागली, "आई बाजारला गेलं", "ताई आलं", "शेळी पळालं". एक-दोन पोरं नाही, निम्म्याहून जास्त. आणि "दादा आला" मात्र बरोबर. इतकी वर्षं मी याला लाल रेघ मारत आले होते, लिंग चुकलं म्हणून दहा वेळा लिहायला लावत होते. एका मुलीच्या आईला सहज विचारलं की तुमच्यात हे कसं म्हणता, तिनं सांगितलं, तम्मुडु वच्चाडु, अम्मा वच्चिंदि, बस्सु वच्चिंदि. म्हणजे भाऊ आला त्याचं क्रियापद वेगळं, आणि आई आली काय, बस आली काय, दोन्हीचं एकच! तेलुगूत एकवचनात बाईचं आणि वस्तूचं क्रियापद सारखंच चालतं. पोरं चुकत नव्हती, घरचा नियम मराठीला लावत होती आणि तोही अगदी शिस्तीत लावत होती. हे मला तोवरच्या एकाही प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

मग मी तेलुगू शिकायला लागले, त्याच आयांकडून, रोज पाच-सहा वाक्यं. फार येत नाही अजून, पण जोडीनं वाक्यं ठेवता येतात, आधी तेलुगूतलं मग मराठीतलं, आणि मग विचारायचं की काय बदललं. पोरं स्वतः सांगतात, "बाई, मराठीत आईचं वेगळं असतंय." लाल रेघेनं जे वर्षानुवर्षं झालं नाही ते दोन-तीन महिन्यात बऱ्यापैकी सुधारलं.

आपल्याच जिल्ह्यातले रणजितसिंह डिसले सर सगळ्यांना माहीत आहेत, माढा तालुक्यातलं परितेवाडी, २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज, १० लाख डॉलरमधली अर्धी रक्कम त्यांनी बाकीच्या नऊ अंतिम स्पर्धकांना वाटली. लोकांना त्यांचे पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड लक्षात राहतात. पण पुरस्काराच्या वेळी हेही सांगितलं गेलं होतं की पोरांची घरची भाषा कन्नड, पुस्तकं वेगळ्या भाषेत, म्हणून सरांनी आधी कन्नड शिकून घेतली. मला तो भाग क्यूआर कोडपेक्षा मोठा वाटतो.

कोर्सेसबद्दल. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकानं वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं आहे, आणि दीक्षा या सरकारी शिक्षण पोर्टलवर आणि निष्ठा या सरकारी शिक्षक प्रशिक्षणात चांगलं साहित्य आहे, नाकारत नाही. पण मी स्वतः एक ऑनलाइन प्रशिक्षण असं केलंय की एका टॅबला व्हिडिओ चालू, दुसरीकडं माहिती भरणं चालू, शेवटी प्रश्नांची उत्तरं ग्रुपवरून आली आणि प्रमाणपत्र डाऊनलोड. त्यातलं आज एक वाक्य आठवत नाही. तुम्ही असं करू नका. वर्षाला दोनच कोर्स करा पण त्यातली एक गोष्ट त्याच आठवड्यात वर्गात करून बघा, आणि त्या तासाचा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करून रात्री ऐका. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा कळलं की प्रश्न विचारून मी दोन सेकंदसुद्धा थांबत नाही, उत्तर स्वतःच देऊन टाकते. आता मनात पाच आकडे मोजते, तेवढ्यात मागच्या बाकावरचे हात वर येतात.

बारीकसारीक पण कामाचं: पालकांचा ग्रुप केला तर प्रत्येक आईचा नंबर सगळ्यांना दिसतो, आमच्याकडं एका आईला त्यावरून नको ते फोन यायला लागले होते. तेव्हापासून मी ब्रॉडकास्ट लिस्टच वापरते, त्यात एकच निरोप प्रत्येकाला वेगवेगळा जातो आणि कुणाचा नंबर कुणाला दिसत नाही. फक्त ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच ब्रॉडकास्ट जातो, म्हणून पहिल्या पालकसभेतच प्रत्येकाच्या फोनमध्ये स्वतःच्या हातानं नंबर सेव्ह करून द्या, अर्धा तास जातो, जाऊ द्या. दीक्षावरचं जे दाखवायचं ते घरून आदल्या रात्री डाऊनलोड करून न्या, शाळेतल्या नेटच्या भरवशावर राहू नका. एप्रिलमध्ये पत्र्याच्या वर्गात दुपारी प्रोजेक्टर लावू नका, उजेडात दिसत नाही आणि पोरं उकाड्यानं बेजार असतात, सकाळचा पहिला तास घ्या. आणि वर्ग मिळाल्यावर पहिल्या पंधरवड्यात एक वही करा, कुठल्या घरात मोबाईल कुणाकडं असतो, किती वाजता मोकळा असतो, घरात कुठली भाषा बोलतात.

शाळा सुरू झाल्या तरी रात्रीची व्हॉइस नोट मी आठवड्यातून तीनदा पाठवते. मागच्या महिन्यात एका नंबरवरून उत्तर आलं, आवाज मोठ्या बाईचा, मला वाटलं काही तक्रार असेल. त्या पोराची आई होती. म्हणाली, "बाई, पोरगा म्हणतोय बस आली म्हणायचं, मी आलं म्हणत होते, कुठलं बरोबर हो?"